उंबऱ्याबाहेरची जागा

(विहाराच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी 'वाढते शहर आणि आपली वस्ती' या विषयावर झालेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून लिहून दिले आहे.)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना विनम्र अभिवादन करून आम्ही दोन शब्द बोलणार आहोत. दोन शब्द म्हणतो खरे, पण समितीने विषयच असा दिला आहे की चार शब्द जास्त होतील. मागे बसलेल्या तरुण मंडळींनी घड्याळाकडे पाहू नये. विषय त्यांच्याच घराचा आहे.

आपल्या चाळींचा पुनर्विकास होणार, ही गोष्ट आता नळावरच्या गप्पांपुरती राहिलेली नाही. संमतीचे कागद घरोघर फिरत आहेत. 'किती फूट मिळणार?' हा एकच प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. प्रश्न रास्त आहे. एकशे साठ-एकशे ऐंशी फुटांत तीन पिढ्या ज्यांनी काढल्या त्यांनी फूट मोजू नयेत तर कुणी मोजावेत? परंतु आम्हाला आज दुसऱ्या जागेविषयी बोलायचे आहे. उंबऱ्याच्या आतली जागा कागदावर आली आहे. उंबऱ्याबाहेरची अजून आलेली नाही.

आधी थोडे मागचे सांगितले पाहिजे, कारण नव्या पिढीला चाळ म्हणजे आपोआप उगवलेली वस्तू वाटते.

आपल्या वस्तीतली बहुतेक घरे रत्नागिरीकडची, काही साताऱ्याकडची, दोन-चार देशावरची. आपले आजे-पणजे हर्णै-दाभोळच्या बंदरातून बोटीने आले आणि भाऊच्या धक्क्यावर उतरले. ते का आले? पोटासाठी आले हे खरेच, पण नुसते पोटासाठी नव्हे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेब खेड्याविषयी किती परखडपणे बोलले हे आपण वाचले आहे. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे ते डबके आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्या डबक्यातून बाहेर पडायला शहर ही एकच वाट होती. शहराने मात्र आपल्याला दारातच ओवाळून घेतले असे कुणी समजू नये. कापड गिरणीत विणकाम खात्यात पगार चांगला, पण त्या खात्यात आपल्या माणसांना शिरकाव नव्हता. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, आणि ज्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागले त्याला आम्ही तोंड लावणार नाही, असे इतर कामगार म्हणत. बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपांच्या काळात हा प्रश्न उघडपणे मांडला होता.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसे पटापट मेली, तेव्हा सरकारच्या ध्यानात आले की अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत रोग मुक्काम करतो. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने एक नियम धरला होता, तो आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. खोलीत उजेड व हवा यावी म्हणून समोरची इमारत किती उंच असावी याचा साडेत्रेसष्ट अंशांचा तो नियम. सोप्या भाषेत सांगायचे तर समोरची भिंत जितकी उंच, तिच्या निम्मे तरी मोकळे अंतर मध्ये पाहिजे. इंग्रजांची ही काही दया नव्हती, प्लेगची भीती होती. पण नियम शहाणपणाचा होता. तो ध्यानात ठेवा, त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

याच ट्रस्टच्या परळच्या पोयबावडी येथील चाळीत पन्नास आणि एक्कावन नंबरच्या दोन खोल्यांत १९१२ ते १९३४ पर्यंत बाबासाहेबांचे बिऱ्हाड होते. त्याआधी ते लोअर परळच्या डबक चाळीत होते. तेथे एकाच खोलीत सगळा संसार. रामजी बाबा रात्री दोनपर्यंत स्वतः जागत आणि मग भीमरावांना अभ्यासाला उठवीत, कारण घर शांत असे ते त्याच वेळी. पुढे दादरला 'राजगृह' बांधले तेव्हा ग्रंथांसाठी केवढी जागा ठेवली! ज्याने जागेअभावी रात्र मोडून अभ्यास केला त्याला जागेची किंमत कळते.

नंतर १९२० साली गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. तेच आपले बीडीडी. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा बेत होता, बांधून झाल्या सोळा हजारांच्या आसपास. वरळीला १२१ चाळी, नायगावला ४२, डिलाईल रोडला म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गाला ३२ आणि शिवडीला १२, अशा एकूण २०७. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, मधून लांबलचक अंधारा पॅसेज, टोकाला सामाईक नळ आणि संडास. खोली एकशे साठ फुटांची. आज या सभागृहात बसलेल्यांपैकी निम्म्या जणांचे कुणी ना कुणी बीडीडीत आहे, मावशी नायगावला, सासुरवाडी वरळीला. १९७४ च्या जानेवारीत वरळीला काय घडले, पँथरच्या मोर्चात भागवत जाधव कसे शहीद झाले, हे आपल्या घरात सांगितले जातेच, त्याचा पाढा येथे वाचत नाही.

आपल्या चाळी सरकारी नव्हेत. मालकाच्या, लाकडी दाद्यांच्या, बाहेरून गॅलरी असलेल्या. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली. त्यामुळे भाडेकरू टिकला, आणि त्याच कारणाने मालकाने चाळीकडे पाहणे सोडले. एवढ्याशा भाड्यात तो कशाला खांब बदलील? पावसाळ्यात घरे कोसळू लागली, तेव्हा १९६९ साली कायदा होऊन दुरुस्ती मंडळ आले आणि आपण उपकरप्राप्त झालो. उपकर भरायचा आणि टेकू लावून घ्यायचा, हा आपला पन्नास वर्षांचा कार्यक्रम! टेकू इतके की नवी सून आली की तिला पहिल्यांदा कोणत्या टेकूला डोके आपटते ते शिकवावे लागे.

आता गॅलरीविषयी. येथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत.

गॅलरी म्हणजे रस्ता, असे नकाशा काढणारा समजतो. आपल्या गॅलरीत काय काय होत असे ते आठवा. पहाटे साडेचारला पाणी येई. हंडे, कळशा, डालड्याचे डबे नंबराला लावलेले. भांडणे होत, खोटे कशाला बोलावे, केस धरेपर्यंत भांडणे होत. पण जिच्याशी सकाळी भांडण, तिच्याच घरी दुपारी किल्ली ठेवून बाई कामाला जाई. पाळणाघर हा शब्द आपल्याला ठाऊक नव्हता. पोर रांगत रांगत तिसऱ्या खोलीत जाई, तिथे जेवे, पाचव्या खोलीत झोपे. रात्री पुरुष मंडळी वळकट्या घेऊन गॅलरीत येत, म्हणजे आत बायका-पोरांना पाय पसरायला मिळत. दिवा एकच, कोपऱ्यावरचा. त्या दिव्याखाली दहावीची मुले बसत, आणि रात्रपाळीहून येणारा कुणीही असो, त्यांच्या डोक्यावर टपली मारून विचारी, 'काय रे, किती गणितं झाली?' त्या दिव्याखाली बसलेली मुले आज बँकेत आहेत, महापालिकेत आहेत, एक-दोन परदेशात आहेत. त्यांनी या विहाराच्या लाद्या बसवून दिल्या.

विहार तरी कुठून आले? जमीन कुणी दान दिली नाही. चाळीच्या मागे कचरा टाकायची पडीक जागा होती. जयंतीला तेथे मांडव घालत. मांडव काढायचा कंटाळा म्हणून बांबू तसेच राहिले, बांबूवर पत्रा आला, पत्र्याखाली बाबासाहेबांची तसबीर आली, मग बुद्धमूर्ती आणि पन्नास वर्षांपूर्वी विटांची भिंत. खोलीमागे महिना दोन रुपये वर्गणी, आणि ज्याच्याकडे दोन रुपये नसत तो रविवारी घमेले उचली. त्या वर्गणीची वही समितीकडे अजून आहे. बघावी एकदा. वर्षावासाचे ग्रंथवाचन, पौर्णिमेची वंदना, नामकरण, मंगल परिणय, पुण्यानुमोदन, सगळे येथे. शिवाय लहान मुलांची लस टोचणे, रेशन कार्डाचे अर्ज, संगणकाचा वर्ग, निवडणुकीचे बूथ. म्हणजे विहार हे आपले विहार आहेच, शिवाय वस्तीची ओसरी आहे.

असे ऐकले की काही जण डोळे पुसतात आणि म्हणतात, 'काय ते चाळीचे दिवस!' त्यांना आम्ही हात जोडून सांगतो, चाळीचे गोडवे गाणे पुरे करा. सामाईक संडासाला रात्री अपरात्री जाणाऱ्या बाईला विचारा, तिला ते दिवस गोड वाटतात का. वयात आलेली मुलगी पोटमाळ्यावर कपडे बदलत असे. आजारी माणसाला चार जिने खुर्चीत बसवून उतरवावे लागे. आणि एकोपा एकोपा म्हणतात, तोही आपापल्या आळीपुरता होता. कोणत्या चाळीत कुणाला खोली मिळते आणि कुणाला मिळत नाही, हे मुंबईत सर्वांना ठाऊक होते, आणि आजही फ्लॅट भाड्याने घ्यायला गेले की आधी आडनाव विचारतात. तेव्हा चाळ जावी, पक्के घर यावे, स्वतःचा संडास यावा, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. आमचा झगडा घराशी नाही.

मधल्या काळात आपल्या भोवतीचे शहर कसे बदलले, हे थोडक्यात सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. संप कधी मिटला असे कुणी जाहीर केलेच नाही, गिरण्या मिटल्या. बायकांनी खानावळी घातल्या, धुणीभांडी धरली, पोरांनी शाळा सोडल्या. शेजारच्या वाण्याने वही दोन-दोन वर्षे चालू ठेवली, हेही नोंदवले पाहिजे. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक वाटा शहराला मोकळी जागा म्हणून, एक वाटा घरांसाठी, असे काहीसे ठरले होते. २००१ मध्ये त्यात बदल झाला, वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची असे ठरले, आणि शहराच्या हाती जे आले ते फारच थोडे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल कायम ठेवला. गिरणीच्या चिमणीखाली कचेऱ्या आणि मॉल आले. कचेरीत हजारो माणसे येऊ लागली, पण रेल्वेचा पूल तोच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एलफिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. आत किती फूट बांधले याचा हिशेब सगळ्यांनी ठेवला, बाहेर माणूस चालणार कुठून याचा कुणी ठेवला नाही. आमचे आजचे म्हणणे या एका उदाहरणातही आले आहे.

त्याच वर्षांत आपली घरेही पांगली. भाऊ वाढले, खोली वाढली नाही. कुणी कल्याण, कुणी दिवा, अंबरनाथ, नालासोपारा. आज कार्यक्रमाला आलेल्यांपैकी किती जण लोकलने आले? हात वर करू नका, आम्हाला चपलांवरून कळते. दोन-दोन तास प्रवास करून माणसे या विहारात येतात, कारण तिकडे त्यांना घर मिळाले, पण बसायला जागा मिळाली नाही.

आता पुनर्विकास. पहिल्यांदा चांगले ते सांगू. बीडीडीच्या वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील साडेपंधरा हजारांच्या आसपास घरांचा पुनर्विकास म्हाडाकडून होतो आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या देण्यात आल्या. एकशे साठ फुटांच्या बदल्यात पाचशे फूट, चाळीस मजली इमारतीत, मालकी हक्काने आणि विनामूल्य. ज्यांचे आजोबा गिरणीत झाडू मारत त्यांच्या नातवांच्या खिडकीतून समुद्र दिसतो. आम्ही एका नातेवाइकाकडे जाऊन आलो. त्यांनी आम्हाला पहिल्यांदा काय दाखवले? संडास. दार उघडून दाखवले, दिवा लावून दाखवला. आम्ही हसलो नाही. शंभर वर्षांनी मिळालेली वस्तू आहे ती.

पण तिथेच वहिनी म्हणाल्या, 'भावोजी, शेजारी कोण आलंय ते पंधरा दिवस झाले तरी कळलं नाही.' घरे सोडतीने वाटली जातात. सोडत न्याय्य आहे, वशिला चालत नाही, पण चिठ्ठीला शेजार कळत नाही. ज्यांचे दार समोरासमोर होते त्यांत एक सातव्यावर गेला आणि एक एकतिसाव्यावर. त्यांची गाठ आता लिफ्टमध्ये पडली तर पडते.

दुसरे उदाहरण गोवंडी-मानखुर्दचे. रस्ते आणि रेल्वेसाठी हलवलेल्या माणसांना तेथे लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींत सव्वादोनशे फुटांची पक्की घरे दिली. नटवर पारेखमध्ये सात-आठ मजली इमारती आणि दोन इमारतींत जेमतेम तीन मीटरची फट. २०१८ मध्ये आयआयटी मुंबई आणि 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेचा अभ्यास पुढे आला. ज्या घरांत उजेड आणि वारा कमी, विशेषतः खालच्या मजल्यांवर, तेथे क्षयाचे प्रमाण अधिक, असा त्याचा निष्कर्ष होता. आता मघाचा प्लेगवाल्या ट्रस्टचा नियम आठवा. वीस-बावीस मीटर उंच भिंत असेल तर दहा-अकरा मीटर अंतर हवे होते. तेथे तीन आहे. घर पक्के, मालकीचे, आत संडास, नळ, सगळे आहे, आणि दुपारी बारा वाजता दिवा लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत. उंबऱ्याच्या आतला हिशेब बरोबर, बाहेरचा चुकलेला. आणि बाहेरचा चुकला की तो छातीत शिरतो.

हे सगळे ऐकून आपण आपल्या नकाशाकडे येऊ. गेल्या महिन्यात विकासकाची माणसे याच सभागृहात येऊन गेली. त्या कंपनीचे नाव घेण्याचे येथे कारण नाही, मुले सभ्य होती, चहा-बिस्किटेही त्यांनीच आणली. पडद्यावर रंगीत चित्रे दाखवली. झाडे, कारंजे, कुत्रे फिरवणारी एक गोरी बाई. आम्ही विचारले, 'विहार कुठे आहे?' त्या मुलाने बराच वेळ शोधून बोट ठेवले. पंपाच्या खोलीमागे, पार्किंगच्या आत, बारा बाय पंधराची एक चौकट, तिच्यावर लिहिलेले 'मल्टिपर्पज रूम'. आजची आपली जागा मोजली तर तिच्या चौपट आहे.

मग तळमजल्याच्या आक्का उठल्या. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येते. त्यांनी विचारले, 'बाळा, ह्यात मयत कुठं ठेवायची रे?'

मुलगा गोंधळला. म्हणाला, 'आजी, आपण असं अशुभ कशाला बोलताय?'

'अशुभ काय त्यात? माणूस मरणारच. मला घरातून खाली आणाल, लिफ्टमध्ये उभी करून आणाल काय? आणि दोनशे माणसं येतील ती बसतील कुठं? मोटारींच्या मध्ये?'

सभागृहात हशा पिकला. त्या मुलाने वहीत काहीतरी लिहून घेतले. पण आम्हाला रात्री झोप लागली नाही. आक्कांनी एका प्रश्नात सगळा नकाशा तपासला होता. आपल्या वस्तीत माणूस गेला की गॅलरी भरते, खालचे पटांगण भरते, परक्या गल्लीतली माणसे येतात, कुणीतरी न सांगता चुलीवर चहाचे आधण ठेवते. तेराशे-चौदाशे माणसांच्या वस्तीला शंभर-दोनशे माणसे एकत्र बसतील अशी एक जागा लागते. सुखाला लागते, दुःखाला लागते, आणि सभेला तर लागतेच. जेथे सभेला जागा नाही तेथे संघटना कागदावर राहते.

आता कामाचे बोलू. उपकरप्राप्त चाळीच्या पुनर्विकासाला पूर्वी सत्तर टक्के भाडेकरूंची संमती लागे, आता एक्कावन टक्के पुरते. याचा अर्थ असा की अर्ध्या वस्तीला जास्त फूट दाखवून फोडले की काम झाले. किमान तीनशे फूट कायद्यानेच मिळायचे आहेत, ते कुणी मेहेरबानी म्हणून सांगू नये. वरचे किती, यावर घासाघीस चालू द्या. पण सही झाल्यावर आपल्या हातात काही उरत नाही, म्हणून सहीच्या आधी काही गोष्टी करारात शब्दाने आणि नकाशात रेषेने आल्या पाहिजेत. तोंडी वचन चालणार नाही. तोंडी वचनावर आपल्या बापजाद्यांची आयुष्ये गेली.

विहाराची जागा आजच्या मापाची, रस्त्याकडून सरळ येता येईल अशी, आणि तिच्यावर 'विहार' असेच लिहिलेले हवे. सोसायटीच्या नावे की विहार समितीच्या नावे, हे वकिलाला विचारून ठरवू. आमचे मत समितीच्या नावे, कारण सोसायटीत उद्या विक्रीच्या इमारतीचे सभासद आले तर बहुमत कुणाचे राहील, सांगता येत नाही. अभ्यासिका वेगळी हवी, विहाराच्या कोपऱ्यात पडदा लावून नको. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांतसुद्धा बालवाडी, कल्याण केंद्र, सोसायटीचे कार्यालय यांची तरतूद असते, मग आपण भीत भीत का मागावे? स्ट्रेचर आडवा जाईल अशी एक लिफ्ट. प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोर चार खुर्च्या मावतील एवढी जागा, म्हणजे आक्कांसारख्यांना दार उघडून बसता येईल. आपल्या इमारतीत आणि विक्रीच्या मनोऱ्यात किती मीटर अंतर, तो आकडा. आणि सोडत काढायची तर मजल्या-मजल्याचे गट करून काढा, आताचे शेजारी शक्यतो एका मजल्यावर येतील, असे आम्ही सुचवले आहे. ते म्हणाले, बघू.

पैशाचाही प्रश्न आहे आणि तो कडू आहे. आज आपण भाडे किती देतो? चहा-वड्याच्या पैशांत भागते. उद्या लिफ्ट, पंप, रखवालदार, झाडलोट यांचे महिन्याचे बिल येईल. ज्या घरात एकच पेन्शन आहे त्या घराला ते जड जाईल. मग ते घर भाड्याने देतील, मुदत संपली की विकतील आणि दिव्याला जातील. उपनगरात झालेल्या पुनर्वसनाच्या एका इमारतीत आम्ही हे डोळ्यांनी पाहिले, आपल्या ओळखीची निम्मी घरे सात-आठ वर्षांत गेली. कुणी हाकलले नाही, बिलाने हाकलले. म्हणून देखभालीचा कायम निधी किती, तो कोणत्या खात्यात, त्याचे व्याज कोण काढणार, हेही सहीच्या आधी. आणि घर नवरा-बायको दोघांच्या नावे. झोपडपट्टी पुनर्वसनात हा नियम आहे, आपल्याकडे करारात घालून घ्यावा. येथे काही पुरुष मंडळींच्या कपाळावर आठ्या दिसतात. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, हे दर जयंतीला सांगणारे आपणच आहोत!

तरुणांना एक काम. सोसायटी झाली की तिची वार्षिक सभा दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, हिशेब सभासदांपुढे ठेवावे लागतात. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब फळ्यावर लिहून लावणारी आपली वस्ती आहे. तीच शिस्त तेथे न्या. पहिल्या वर्षी जे समितीवर बसतील तेच पुढे बसून राहतात, असा सगळीकडचा अनुभव आहे. म्हणून पहिल्याच वर्षी दोन-तीन शिकलेल्या मुली आणि एखादा हिशेबी मुलगा समितीवर बसवा.

महिला मंडळाने एक ठराव मांडला आहे. वर सांगितलेल्या गोष्टी करारात लेखी येईपर्यंत संमतीपत्रावर कुणी एकट्याने सही करू नये, सर्वांनी मिळून, एकाच दिवशी, याच सभागृहात करावी. आम्ही या ठरावाला पाठिंबा देतो. त्याची प्रत दाराशी ठेवली आहे, वाचूनच सही करावी.

आणि येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता मोजणी आहे. गॅलरी, जिने, नळाची जागा, मागचे पटांगण, विहार, कोपऱ्यावरच्या दिव्याखालची जागा, सगळे मोजून कागदावर उतरवायचे आहे. आपली एकंदर सामाईक जागा किती आहे, हे आजपर्यंत कुणी मोजलेलेच नाही. शंभर फुटी टेप समितीने आणला आहे. दोन शिड्या लागतील, त्या रंगकाम करणाऱ्या भावांनी आणाव्यात. आक्कांनी सांगितले आहे की त्या स्वतः खाली येऊन बसणार, कुठे काय होते ते त्यांच्याएवढे कुणाला आठवत नाही. त्यांना खुर्ची लागेल.

जय भीम! नमो बुद्धाय!